पाच टक्के आले कुठून

मृणाल गेल्याचं कळलं तेव्हा रघुवीर साळवीच्या समोरचा पडदा हिरवा होता.

फेब्रुवारी २०३१ मधला मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. रघुवीर पुण्याच्या ऑफिसात आपल्या टेबलाशी बसला होता. पडद्यावर कोंडसरी औद्योगिक वसाहतीचा नकाशा होता, आणि नकाशावर विषारी वायू मोजणाऱ्या बावीस सेन्सरचे बावीस ठिपके. हा सगळा कारभार त्याच्या प्रोग्रामवर चालायचा. कुठे वायू सुटला तर ठिपके लाल व्हायचे आणि तिकडे कोकणात, दोनशे किलोमीटरवर, आपोआप सायरन वाजायचा.

फोन वसाहतीच्या दवाखान्यातून होता.

"मृणाल साळवींचे मिस्टर का? तुम्ही ताबडतोब निघा. सांडपाणी केंद्रात गॅस सुटला. तीन माणसं गेली."

"तुमची काहीतरी चूक होतेय," रघुवीर म्हणाला. "सायरन झालेला नाही."

"काय?"

"मी पडद्यासमोरच बसलोय. सायरन झालेला नाही. म्हणजे गॅस नाही."

पलीकडची बाई म्हणाली, "साहेब, मी त्यांच्या शेजारी उभी आहे."

त्यावरही त्याने आधी नकाशा मोठा करून पाहिला, मग खुर्चीतून उठला. हे पुढे त्याने कुणालाच सांगितलं नाही. आठ नंबरचा ठिपका पिवळा होता. सात नंबरचा हिरवा. नियमाप्रमाणे सगळं ठीक होतं.

तो नियम रघुवीरने स्वतः लिहिला होता. एका ओळीचा होता. शेजारशेजारच्या दोन सेन्सरनी, हवेच्या दहा लाख भागांत दहा भागांपेक्षा जास्त वायू, सलग तीस सेकंद दाखवला तर सायरन वाजवावा. नाहीतर वाजवू नये.

त्याआधी एकाच सेन्सरवर सायरन व्हायचा. मग गरम पाण्याची वाफ लागली तरी व्हायचा. चार महिन्यांत अकरा वेळा खोटा वाजला. एकदा पळापळीत खालच्या वाडीतला एक म्हातारा साकवावरून ओढ्यात पडला आणि गेला. त्यानंतर सायरन वाजला की लोक घड्याळ लावायला लागले, पळेना कुणी. म्हणून दोन सेन्सरचा नियम. नियम चांगला होता. एक आणि एक जुळले तर हो, नाही जुळले तर नाही. सरकारी माणसाला समजावून सांगता यायचा, कोर्टात दाखवता यायचा. तीच माहिती दिली की दर वेळी तेच उत्तर. रघुवीरला अशीच कामं आवडायची.

त्या मंगळवारी आठ नंबरने बावीस दाखवले, मग चाळीस, मग शंभराच्या वर. सात नंबर शून्यावर होता. दोघांचं जुळलं नाही.

सात नंबरवर फरसाणाची प्लास्टिकची पिशवी चढवलेली होती, रबर बँड लावून.

हे चौकशीत बाहेर आलं नाही. पोलीस पोचेपर्यंत पिशवी तिथे नव्हती. चौकशीच्या कागदावर "सात क्रमांकाचा सेन्सर, कारण अज्ञात" असं आलं. पण रघुवीरला पिशवीचं माहीत होतं. घटनेच्या अकरा दिवस आधी, शुक्रवारी तो कोंडसरीला घरी आला होता, तेव्हा जेवताना मृणालने त्याला सांगितलं होतं.

मृणाल त्या सांडपाणी केंद्रात केमिस्ट होती. वसाहतीतल्या साठ-सत्तर कारखान्यांचं पाणी तिथे येतं. एकाने आम्ल सोडलं आणि दुसऱ्याने गंधकाचं काही सोडलं, की टाकीत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास येतो. पण तो फार झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. माणसाला वाटतं, गेला वायू. तो हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचतो, उताराने वाहतो.

"तुझ्या त्या सेन्सरवर पिशव्या घालतात रे," मृणाल भाकरी मोडत म्हणाली. "कचऱ्याची जाळी गरम पाण्याने धुताना. वाफ लागली की केंद्र बंद पडतं, चार-चार तास खोळंबा. म्हणून पिशवी. फरसाणाची."

"कोण घालतं?"

"घालतात. महिन्यातून दोनदा तरी."

"मेल टाक मला. तोंडी सांगितलेलं आम्हाला धरता येत नाही."

मृणाल हसली. "नवऱ्याला मेल टाकू?"

"टाक. नोंद राहते."

"आणि वर लिहू काय? माननीय साळवीसाहेब, आमटीत मीठ कमी आहे का तेही कळवावे?"

मेल आला नाही. रघुवीरनेही पुन्हा विचारलं नाही.

*

दीड वर्षाने कंपनीने नवीन यंत्रणा करायला घेतली. रघुवीरने ती मागून घेतली. या वेळी नियमावर चालणारी नाही, शक्यतेवर चालणारी.

त्याच्या हाताखाली आसावरी लिमये होती. वय अठ्ठावीस, संख्याशास्त्रात हुशार, बोलायला फटकळ. मंजुरी वसाहतीचे सुरक्षा अधिकारी तांबोळीसाहेब देणार होते. साठीला आलेला, सभ्य आणि सावध माणूस. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "मला यातलं गणित सांगू नका. जुन्यात आणि नव्यात फरक काय, तेवढं सांगा."

"जुना प्रोग्राम विचारायचा, दोघांचं जुळतंय का?" आसावरी म्हणाली. "नाही म्हटलं की विषय बंद. नवा विचारतो, एक जण ओरडतोय आणि दुसरा गप्प आहे, तर दुसरा गप्प का? वायू नाही म्हणून गप्प, की त्याचं तोंड बांधलंय म्हणून?"

"ते कसं कळणार?"

"उघड्या सेन्सरचा आकडा कधी एका जागी राहत नाही, साहेब. शून्य पॉइंट दोन, शून्य पॉइंट चार, पुन्हा एक. वारा असतो, हवा हलते. झाकलेल्याचा आकडा मढ्यासारखा पडून असतो. शून्य, शून्य, शून्य. पण थंडीत वारा पडला की उघडाही तसाच वागतो. म्हणून खात्रीने काही सांगता येत नाही. सगळं धरून प्रोग्राम एक आकडा देतो. वायू सुटल्याची शक्यता अमुक टक्के."

"आणि सायरन कधी?"

"पन्नासच्या वर गेला की."

तांबोळीसाहेबांनी चष्मा काढला. "उद्या मला कोर्टात विचारतील, सायरन का वाजला नाही? मी काय सांगू, एकोणपन्नास टक्के होते म्हणून?"

"साहेब, तुमच्या गाडीचा ब्रेक लागणार नाही अशी एकोणपन्नास टक्के शंका असली, तर घाट उतराल?"

"एक टक्का असली तरी उतरणार नाही. म्हणून तर विचारतोय, पन्नास का?"

रघुवीर म्हणाला, "कमी ठेवलं तर पुन्हा रोज वाजेल. पुन्हा लोक पळायचे थांबतील. पन्नास मी ठरवलेत. सही माझी."

खरी अडचण मात्र वेगळ्याच आकड्यावर आली.

अशा प्रोग्रामला काही गोष्टी आधी सांगाव्या लागतात. सेन्सर किती वेळा बिघडतो, वारा किती दिवस पडतो, असे चाळीसेक आकडे. पुढे येणाऱ्या पुराव्याप्रमाणे प्रोग्राम ते वरखाली करतो, पण सुरुवात माणसाने करून द्यावी लागते. त्यांतला एक आकडा होता: कुठल्याही क्षणी सेन्सर झाकलेला असण्याची शक्यता. वसाहतीच्या नोंदवहीत, पाच वर्षांत, सेन्सर झाकल्याची एकही नोंद नव्हती. वसाहतीच्या मंडळाचं म्हणणं होतं, शून्य लिहा. दुसरं काही लिहिलं तर आम्ही सेन्सर झाकतो असं कबूल केल्यासारखं होईल.

"शून्य लिहिता येणार नाही," रघुवीर म्हणाला.

"नोंदीत शून्यच आहे," तांबोळीसाहेब म्हणाले.

"साहेब, शक्यता शून्य लिहिली की प्रोग्रामने त्या गोष्टीचा विचारच करायचा नाही असं ठरतं. मग समोर कितीही पुरावा येऊ दे. शून्याला कशानेही गुणा, शून्यच. सात नंबर तासभर मढ्यासारखा पडला, तरी तो म्हणेल, झाकलेला असूच शकत नाही. एवढं एक शून्य लिहिलं की नवा प्रोग्राम जुनाच झाला."

"मग किती लिहिता?"

"पाच टक्के."

"पाच कुठून आले?"

आसावरीनेही मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिलाही हे नवीन होतं.

महिन्यातून दोनदा तरी. धुण्याला आठ-नऊ तास, आणि पुढची पाळी संपेपर्यंत पिशवी काढायची कुणाला आठवत नाही, म्हणजे एका वेळी अठरा तास. रघुवीरने एका रविवारी रिकाम्या घरात बसून हा हिशेब केला होता. तीस दिवसांच्या सातशेवीस तासांत छत्तीस तास.

"अंदाज आहे," तो म्हणाला.

तांबोळीसाहेबांनी मंजुरी दिली, अटीवर. आधी तीन महिने दोन्ही शेजारीशेजारी चालवा. सायरन जुन्याच नियमाने होईल, नव्याचा आकडा फक्त पडद्यावर दिसेल. हाताने वाजवायचं बटण असेल, दाबणाऱ्याने वहीत नाव लिहायचं. आणि शेवटच्या अहवालात प्रत्येक आकड्यासमोर एक चौकट: या आकड्याचा आधार. कुठली नोंद, कुणाचं म्हणणं, तारीख.

"चाळीसच्या चाळीस भरलेल्या हव्यात, साळवी," ते म्हणाले. "अंदाज हा आधार नव्हे."

*

ऑक्टोबरात ही चाचणी सुरू झाली आणि रघुवीर कोंडसरीला राहायला आला. नियंत्रण कक्ष वसाहतीच्या टेकडीवर होता. खिडकीतून खाली सांडपाणी केंद्राच्या गोल टाक्या दिसत, त्यांच्या खाली ओढा, आणि ओढ्यापलीकडे मैदान. शनिवारी तिथे आठवड्याचा बाजार भरायचा.

केंद्रात सकाळपाळीचा प्रमुख दीपक महाडिक होता. मृणालचा धाकटा भाऊ. ताई गेल्यापासून तो बारीक झाला होता. आठवड्यातून दोनदा रघुवीरसाठी घरून डबा आणायचा.

"आई म्हणते, भावोजी हॉटेलात जेवतात, कोठा बिघडेल," तो म्हणायचा. "सोलकढी वेगळी बांधलीय. ती आधी प्या, नाहीतर तुम्ही ठेवाल उद्यावर आणि नासवाल."

दोघं मृणालबद्दल बोलायचे. कामाबद्दल बोलायचे नाहीत. पिशवी घालतात, असं मृणाल म्हणाली होती. कोण घालतं ते बोलली नव्हती. मेलही पाठवला नव्हता. जी बाई दुकानदाराच्या चुकीच्या वजनावर दोन पानी तक्रार लिहायची, तिने चार ओळी का लिहिल्या नाहीत, हे रघुवीरला उशिरा कळलं. डबा उघडताना कधीकधी तो दीपकच्या हातांकडे बघायचा. विचारायचा मात्र नाही. विचारलं असतं तर दीपकनेही विचारलं असतं, तुम्हाला कुणी सांगितलं?

डिसेंबरातला तिसरा शनिवार होता. सकाळी नऊ वाजले होते. थंडी होती आणि वारा पूर्ण पडला होता. बाजार भरला होता. तांबोळीसाहेब पाहणीला आले होते, हातात चहाचा कप होता.

"सर," आसावरी म्हणाली, "आठ नंबर बारावर गेला."

जुन्या प्रोग्रामने आठ नंबर पिवळा केला. सात हिरवा. खाली नव्या प्रोग्रामचा आकडा होता: नऊ टक्के.

"सात?"

"शून्य."

"हलतोय का?"

"शून्य. शून्य. शून्य." तिने मागची नोंद काढली. "पावणेआठपासून एका जागी आहे. पण सर, आज वारापण नाहीये."

सतरा टक्के. आठ नंबरवर चौदा, मग सोळा.

तांबोळीसाहेबांनी कप ठेवला. "वाफ असेल. शनिवारी धुतात का?"

"धुण्याचा दिवस मंगळवार," रघुवीर म्हणाला. "पण या मंगळवारी बंद होता."

एकतीस टक्के.

रघुवीरने दीपकला फोन लावला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू यावा म्हणून.

"बोला भावोजी."

"दीपू, कुठे आहेस?"

"केबिनमध्ये."

"आठ नंबर चढतोय. धुणं चालू आहे का?"

"हो, जाळी धुताहेत. दोन पोरं आहेत तिथे. वाफ असणार."

"सात नंबरवर काही झाकलंय का?"

"नाही. काही नाही. तुम्ही काळजी करू नका."

फोन ठेवला. आसावरीचा हात कीबोर्डवर होता. प्रोग्राममध्ये त्यासाठी जागा होती: पाळीप्रमुख सांगतो, सेन्सर उघडा आहे. हे भरलं की आकडा उतरणार होता. पाळीप्रमुखाचं म्हणणं दहात नऊ वेळा खरं असतं, असं रघुवीरनेच त्यात लिहून ठेवलं होतं.

"भरू का, सर? भरलं तर सहावर येतंय."

"थांब." रघुवीर खिडकीशी गेला. "केबिनपासून सात नंबर किती लांब आहे?"

"दीडशे पावलं असतील."

"तो किती वेळात बोलला?"

आसावरीने त्याच्याकडे पाहिलं. "लगेच."

"बघायला गेला नाही. दीपू एरवी विचारलेलं बघितल्याशिवाय सांगत नाही. बारीकसारीक गोष्टीला पाच मिनिटं लावतो. आज दोन सेकंद." रघुवीर परत वळला. "भर. पण 'प्रत्यक्ष पाहिलं नाही' असं भर."

तिने भरलं. आकडा उतरला नाही, अडतीसवर गेला. मग एक्केचाळीस. मग चव्वेचाळीस, आणि तिथे थांबला.

पन्नासच्या खाली. जुना नियम म्हणत होता, नाही. नवाही म्हणत होता, नाही.

"साळवी," तांबोळीसाहेब हळू आवाजात म्हणाले, "खाली सात-आठशे माणूस आहे. साकव तोच आहे. पन्नास तुम्ही ठरवलेत."

"माहीत आहे."

"खोटा निघाला तर तुमची ही यंत्रणा गेली. पुन्हा कुणी मंजूर करणार नाही. मीही नाही."

"माहीत आहे, साहेब."

आसावरी उठून त्याच्या जवळ आली. "सर, राग मानू नका. हा चव्वेचाळीस आकडा दुसऱ्या कुठल्या गावातला असता, तर तुम्ही बटणाकडे बघितलं असतं का? की तुम्ही मॅडमसाठी बघताय?"

त्याने पुन्हा दीपकला फोन लावला, आवाज मोठा न करता, कानाला धरून. घंटी वाजत होती तेवढ्यात त्याला कळलं की आपल्याकडे एक वाक्य आहे. दीपू, ताईने मला पिशवीचं सांगितलं होतं. एवढं म्हटलं की दीपक खोटं बोलू शकणार नाही. तो हो म्हणेल, पिशवी काढेल, सात नंबरही चढेल, जुन्या नियमानेच सायरन आपोआप होईल, आणि बटण दाबायचं, वहीत नाव लिहायचं काही कारण उरणार नाही.

"भावोजी? अजून काय?"

रघुवीरने तोंड उघडलं. आसावरी बघत होती. तांबोळीसाहेब बघत होते.

"पोरांना तिथून बाहेर काढ," तो म्हणाला. "आत्ता. मी सायरन वाजवतोय."

त्याने बटणावरचं झाकण उघडलं आणि बटण दाबलं.

*

सायरन चौदा मिनिटं वाजला. खिडकीतून बाजार हलताना दिसला. आधी कडेची माणसं, मग मधली, मग सगळी टेकडीच्या वाटेला लागली. साकवावर गर्दी झाली. सुकी मासळी विकायला बसलेली एक बाई टोपलीसकट खाली गेली. मांडीचं हाड मोडलं.

साडेनऊला आठ नंबर साठावर होता. नऊ बत्तीसला सात नंबर एकदम शून्यावरून सत्तावन्नवर उडाला. कुणीतरी पिशवी काढली होती.

जाळीवरच्या दोघांपैकी एक जण सायरन झाला तेव्हा गुडघ्यावर आला होता. दुसऱ्याने त्याला ओढत वर आणलं. दोघं वाचले. बाजाराच्या मैदानावरच्या सेन्सरने जास्तीत जास्त तीन दाखवले. तेवढ्याने कुणालाही काही होत नाही. म्हणजे दोन माणसं वाचली असतील, आणि सात-आठशे माणसं विनाकारण पळाली असतील. सायरन वाजला नसता तर काय झालं असतं, हे कुठल्याच प्रोग्रामला सांगता येत नाही.

"बरोबर होता तुम्ही," तांबोळीसाहेब म्हणाले.

"एका वेळेवरून ते ठरत नाही, साहेब," रघुवीर म्हणाला. "चव्वेचाळीस टक्के होते. शंभरात छप्पन्न वेळा मी चुकलो असतो."

दुपारी दीपक टेकडीवर आला. डोळे लाल होते, वायूने किंवा कशाने. खिशातून त्याने घडी केलेली पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. पिशवीवर फरसाणाच्या दुकानाचं नाव होतं. आत तेलाचे डाग.

"आज मीच घातली होती," तो म्हणाला. "आणि ताईच्या दिवशीही मीच घातली होती."

रघुवीरने खुर्ची पुढे सरकवली.

"ती नमुना घ्यायला येणार हे मला माहीत नव्हतं. ती बुधवारी यायची. सायरन होईल म्हणून मी निर्धास्त होतो, एक सेन्सर आहे की, म्हणालो. दोन लागतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं मला..." तो थांबला. "आणि आज परत घातली. एवढं होऊन. सवयीने. हातच गेला. तुम्ही फोन केलात आणि मी नाही म्हटलं, तेव्हा पिशवी तिथे आहे हे मला माहीत होतं. तांबोळीसाहेबांना सगळं लिहून देतो. नोकरी जाईल ती जाऊ दे. आईला आज घरी जाऊन सांगणार आहे."

"बस."

"बसत नाही. एकच सांगा." दीपकने डोळे पुसले. "ताईने एकदा मला पिशवी घालताना बघितलं होतं. फार बोलली. मी तिच्या पाया पडलो, म्हटलं, भावोजींना सांगू नकोस, माझं नाव लागेल. ती म्हणाली, नाव नाही सांगत. पण पुन्हा दिसली तर बघ." त्याने रघुवीरकडे पाहिलं. "ती तुम्हाला काही बोलली नाही ना? मला रात्रंदिवस तेच वाटतं. तिने तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी केलं असतंत. माझ्या शब्दापायी ती गप्प राहिली, म्हणून गेली."

नियंत्रण कक्षात पंख्याचा आवाज येत होता. आसावरी पलीकडच्या खोलीत होती.

"पाणी घे," रघुवीर म्हणाला.

दीपक पाणी प्यायला. मग तो तांबोळीसाहेबांकडे गेला आणि त्याने चार पानं लिहून दिली. संध्याकाळी त्याने आईला सांगितलं. ती त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी डबा आला, नेहमीसारखा, पण पोचवायला शेजारीण आली.

*

जानेवारीत यंत्रणा मंजूर झाली. दोन बदल करून. नक्की माहीत असलेल्या गोष्टींना जुन्यासारखाच पक्का नियम ठेवला. एखाद्या सेन्सरने साठ दाखवले तर बाकी कुणाला विचारायचं नाही, वाजवायचं. जिथे नक्की माहीत नाही, तिथे आकडा. दहात नऊ वेळा खरं बोलणारा पाळीप्रमुख प्रत्यक्ष पाहून आला असला तरच मोजायचा. पन्नासचे चाळीस केले. मासळीवालीच्या मुलाने अर्ज दिला की साकव रुंद करा. तो अर्ज सगळ्यांत आधी मंजूर झाला.

तांबोळीसाहेबांना अहवाल महिनाअखेरीला हवा होता. चाळीस आकडे, चाळीस चौकटी. आसावरीने भरत आणल्या. वाऱ्याचे दिवस, आधार: हवामान केंद्राच्या दहा वर्षांच्या नोंदी. सेन्सरचा बिघाड, आधार: बनवणाऱ्याची चाचणी.

"आता याचं सोपं झालं," ती म्हणाली. "सेन्सर झाकलेला असण्याची शक्यता, पाच टक्के. आधार: दीपक महाडिक यांचा जबाब. टाकू?"

"त्याचा जबाब डिसेंबरातला आहे," रघुवीर म्हणाला. "पाच टक्के आपण ऑगस्टमध्ये लिहिले."

"मग? कोण तारखा बघतंय? आकडा तर जुळतोय. त्यानेही लिहिलंय, महिन्यातून दोनदा."

"नको टाकू."

"मग काय लिहू?" तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "सर, पाच आले कुठून?"

"मी लिहितो ते. तू बाकीचं दे."

ती गेली. रघुवीरने चौकटीवर बोट ठेवलं. काय लिहायचं ते त्याला पाठ होतं. मृणाल साळवी, तोंडी. घटनेच्या अकरा दिवस आधीचा शुक्रवार, जेवताना. ऐकणारा: रघुवीर साळवी. केलेली कारवाई: नाही.

अहवाल तांबोळीसाहेबांकडे जाणार, तिथून वसाहतीच्या मंडळाकडे, आणि मंडळाच्या फळ्यावर लागणार. दीपक वाचेल. दीपकची आई दुसऱ्याकडून वाचून घेईल.

एकोणचाळीस चौकटी भरल्या आहेत. चाळिसावी अजून भरलेली नाही.